हात बसलेला स्टार्ट मेनू परत कसा आणावा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर नव्या हळदीची आवक सुरू होण्याच्या तोंडावर नवा संगणक आला. जुन्या संगणकावर विंडोज १० होते, आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मालकांनी हंगामाआधीच विंडोज ११ असलेले यंत्र घेऊन टाकले. यंत्र वेगवान होते, पडदा मोठा होता आणि हिशेबाची सगळी माहितीही नीट उतरवून घेतली होती. तरी पहिल्याच आठवड्यात दिवाणजींचा मला फोन आला. "अहो, कोपऱ्यात दाबलं की हवामान येतंय. आमची खतावणी कुठं गेली?"

खतावणी कुठेही गेली नव्हती. वीस-बावीस वर्षे त्यांचा हात पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जात होता, कारण स्टार्टचे बटण तिथे असे. विंडोज ११ मध्ये ते बटण खालच्या पट्टीच्या मध्यभागी आले आणि डाव्या कोपऱ्यात हवामान दाखवणारा विजेट बसला. शिवाय मधली चिन्हे एकत्र मिळून मध्य साधतात, त्यामुळे जसजसे अधिक प्रोग्राम उघडावेत तसतसे स्टार्टचे बटण थोडे थोडे डावीकडे सरकत जाते. सकाळी जिथे बटण होते तिथे दुपारी ते नसते. पडद्याकडे न पाहता माउस नेणाऱ्या माणसाला हा फरक फार जाणवतो, आणि दिवाणजी पडद्याकडे पाहत नाहीत. त्यांची नजर समोरच्या तोलाईच्या चिठ्ठ्यांवर असते.

अशा वेळी बहुतेक लोक म्हणतात की होईल सवय हळूहळू. मला ते पटत नाही. हात बसणे ही कमावलेली गोष्ट आहे आणि ती वाया घालवण्याचे काही कारण नाही, कारण स्टार्ट मेनू आपल्याला हवा तसा करून घेता येतो. काही बदल विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमधून होतात आणि उरलेले पूरक सॉफ्टवेअर बसवून होतात. मात्र त्यासाठी हा मेनू मुळात काय असतो आणि पूरक सॉफ्टवेअर त्यात नेमके काय करते, हे आधी समजून घ्यावे लागते. ते न समजता केलेला बदल पुढच्या अपडेटला अंगावर येतो.

मेनू म्हणजे अनुक्रमणिका

पेढीवरच्या खतावणीला सुरुवातीला अनुक्रमणिका असते. कोणत्या शेतकऱ्याचे खाते कितव्या पानावर आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. अनुक्रमणिकेचे पान फाटले तरी खाते बुडत नाही, आणि अनुक्रमणिकेत नाव खाडाखोड करून दुसऱ्या पद्धतीने लिहिले तरी खात्यातील येणे-देणे बदलत नाही. स्टार्ट मेनू हा असाच प्रकार आहे. त्यात दिसणारी नावे म्हणजे ते प्रोग्राम नव्हेत, तर प्रोग्राम डिस्कवर कुठे ठेवला आहे ते सांगणाऱ्या अगदी छोट्या फायली आहेत. त्यांना शॉर्टकट म्हणतात.

हे शॉर्टकट दोन फोल्डरांत असतात. एक फोल्डर संगणकावरच्या सर्व वापरकर्त्यांसाठी सामाईक असतो आणि दुसरा फक्त त्या वेळी लॉगिन केलेल्या व्यक्तीचा असतो. मेनू उघडला की विंडोज या दोन्ही फोल्डरांतील शॉर्टकट एकत्र करून एकच यादी दाखवते. म्हणूनच एकाच संगणकावर मालकांच्या आणि दिवाणजींच्या मेनूत काही नावे सारखी तर काही वेगळी दिसतात. मेनूतील एखाद्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडले, की ज्या फोल्डरात त्याचा शॉर्टकट आहे तो फोल्डर थेट समोर उघडतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या अॅपना मात्र ही सोय नसते, कारण त्यांची नोंद वेगळ्या पद्धतीने ठेवलेली असते.

या फोल्डरात आपण नवा फोल्डर करू शकतो, शॉर्टकटचे नाव बदलू शकतो, नको असलेला शॉर्टकट काढून टाकू शकतो. शॉर्टकट काढल्याने प्रोग्राम निघून जात नाही. हे मी प्रत्येक पेढीवर दोनदा सांगतो, कारण याचीच भीती लोकांना सर्वाधिक वाटते. याच्या उलटही तितकेच खरे आहे की, मेनूतून नाव घालवले म्हणजे प्रोग्राम काढला असे होत नाही. त्यासाठी तो रीतसर अनइन्स्टॉलच करावा लागतो.

मेनूचे रूप कसे बदलत गेले

स्टार्टचे बटण पहिल्यांदा विंडोज ९५ बरोबर, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये आले. तेव्हाचा मेनू एकाच उभ्या रांगेचा होता आणि 'प्रोग्राम्स'वर माउस नेला की बाजूला एकातून दुसरी यादी उलगडत जाई. २००१ च्या विंडोज एक्सपीने दोन रांगा आणल्या: डावीकडे नेहमीचे प्रोग्राम, उजवीकडे आपली कागदपत्रे, प्रिंटर आणि कंट्रोल पॅनेल. व्हिस्टामध्ये मेनूतच शोधण्याची चौकट आली आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये हा दोन रांगांचा मेनू अगदी स्थिरावला. सांगली-साताऱ्याकडच्या पेढ्या, पतसंस्था आणि झेरॉक्सची दुकाने यांतील आजची चाळिशी-पन्नाशीची माणसे बहुतेक याच मेनूवर शिकली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने स्टार्टचे बटण काढून टाकले आणि मेनूच्या जागी पूर्ण पडदाभर चौकोनी टाइल्स मांडल्या. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आले, पण ते दाबल्यावर पूर्वीचा मेनू न येता पुन्हा टाइल्सच येत. २०१५ च्या विंडोज १० मध्ये यादी आणि टाइल्स शेजारी शेजारी आल्या, तर ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये टाइल्स गेल्या आणि वर पिन केलेली, म्हणजे आपण कायमची टाचून ठेवलेली, चिन्हे व खाली 'शिफारस' अशी मांडणी आली.

या प्रवासात एक गोष्ट हरवली आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुन्या मेनूत फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी मांडणी जशीच्या तशी दिसे. विंडोज १० पासूनची यादी मात्र एकच पातळी दाखवते. आतील फोल्डरांतील नावे बाहेर काढून ती सपाट करते. ज्याच्या संगणकावर दहा-बारा प्रोग्राम आहेत त्याला याचा काही फरक पडत नाही. परंतु ज्याने हिशेब, कर, बँक, छपाई असे कप्पे पाडून काम केलेले आहे त्याची मांडणीच यामुळे मोडते. पूरक सॉफ्टवेअरची खरी गरज मला इथे दिसते. जुने रूप देखणे होते की नव्हते हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे.

आधी घरचे उपाय

बाहेरचे काही बसवण्यापूर्वी विंडोज ११ च्या स्वतःच्या सेटिंगमधून जे होते ते करून घ्यावे. खालच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, मोकळ्या जागी राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग उघडावे, त्यात 'टास्कबार बिहेवियर्स'मध्ये 'टास्कबार अलाइनमेंट' डावीकडे करावे. एवढ्याने बटण कोपऱ्यात येते आणि तिथेच स्थिर राहते. त्याच पानावर विजेट बंद करता येतो. पर्सनलायझेशनमधील 'स्टार्ट' या पानावर अधिक पिन दाखवणारी मांडणी निवडता येते, नुकत्याच उघडलेल्या फायली आणि सूचना बंद करता येतात, आणि बंद करण्याच्या बटणाशेजारी डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स यांसारखे फोल्डर ठेवता येतात.

रोजचे चार-पाच प्रोग्राम टास्कबारवर पिन करून ठेवले तर विंडोजची कळ दाबून ठेवून १, २, ३ असे आकडे दाबले की ते क्रमाने उघडतात. दोन-तीनच प्रोग्राम वापरणाऱ्या माणसाचे काम इतक्यात भागते, आणि माझा सल्ला असा की भागत असेल तर इथेच थांबावे. दिवाणजींचे भागत नव्हते. त्यांना एकाच ठिकाणी, ठरलेल्या क्रमाने, मराठीत लिहिलेली चौदा नावे हवी होती.

पूरक सॉफ्टवेअर मध्ये कुठे बसते

विंडोज सुरू झाल्यावर डेस्कटॉप, टास्कबार आणि त्यावरचे स्टार्ट बटण हे सर्व एक्सप्लोरर नावाचा एकच प्रोग्राम दाखवत असतो. बटण दाबल्यावर वर येणारा मेनू मात्र आताच्या विंडोजमध्ये दुसराच एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम दाखवतो. म्हणजे बटण एकाचे आणि मेनू दुसऱ्याचा. पेढीवर दारातला माणूस आलेल्या शेतकऱ्याला आत कोणाकडे पाठवायचे ते ठरवतो, तसे एक्सप्लोरर बटण दाबले गेल्याचे ओळखतो आणि मेनूच्या प्रोग्रामला हाक मारतो.

पूरक सॉफ्टवेअर याच दोहोंच्या मध्ये उभे राहते. ते आपला एक भाग एक्सप्लोररच्या चालू कामात घालते आणि स्टार्टचे बटण किंवा विंडोजची कळ दाबली गेली, की ती हाक मूळ मेनूपर्यंत पोहोचण्याआधी स्वतःकडे वळवून आपला मेनू दाखवते. मूळ मेनू कोणी पुसलेला नसतो. तो मागे जसाच्या तसा असतो, आणि पूरक सॉफ्टवेअर काढून टाकले की हाक पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागते. नव्या मेनूत दिसणारी नावेही वर सांगितलेल्या त्याच दोन फोल्डरांतून येतात, त्यामुळे तिथे केलेली मांडणी कोणत्याही मेनूत उपयोगी पडते. अनुक्रमणिका तीच असते, फक्त ती वाचून दाखवणारा बदलतो.

दुसऱ्या प्रकारचे पूरक सॉफ्टवेअर याहून खोल जाते. ते केवळ हाक वळवत नाही, तर टास्कबारच बदलते: त्याची उंची, चिन्हांसोबतची नावे, घड्याळ, उजव्या बाजूचा कोपरा, किंवा चक्क विंडोज १० सारखा जुना टास्कबार. त्यासाठी एक्सप्लोररच्या आतील विशिष्ट भाग नेमका कुठे आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. विंडोजचे मोठे अपडेट आले की एक्सप्लोरर नव्याने बांधलेला असतो, आतील भागांच्या जागा बदलतात, आणि जुन्या जागेवर हात घालणारे सॉफ्टवेअर अडखळते. मग कधी टास्कबार दिसेनासा होतो, तर कधी पडदा लुकलुकत राहतो. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती येण्याच्या सुमारास एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्टऑलबॅक यांच्या काही आवृत्त्या बसवलेल्या संगणकांवर अपडेट पुढे सरकू न देण्याची खबरदारी मायक्रोसॉफ्टने घेतली होती, ती याच प्रकारच्या सुसंगततेच्या अडचणींमुळे. ही दोन्ही सॉफ्टवेअर चांगली आहेत आणि त्यांचे कर्ते नवी आवृत्ती लवकर देतात. तरीही जिथे सौदे चालू असताना संगणक दहा मिनिटेही अडलेला परवडत नाही, तिथे मी पहिल्या प्रकारचेच सॉफ्टवेअर बसवतो.

ओपन-शेलची पूर्वपीठिका

पहिल्या प्रकारातील एक जुने आणि विनामूल्य नाव म्हणजे ओपन-शेल. विंडोज ७ ने अगदी जुना, एका रांगेचा मेनू निवडण्याची सोय काढून टाकली, त्या २००९ सालात इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रामरने क्लासिक शेल या नावाने हे काम सुरू केले. विंडोज ८ ने बटणच काढल्यावर ते जगभर पोहोचले. विंडोजच्या प्रत्येक अपडेटबरोबर जुळवून घेत राहणे एका माणसाला अवघड होत गेले, आणि २०१७ च्या अखेरीस त्यांनी काम थांबवून त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. स्वयंसेवकांनी तो पुढे चालवला आणि आज तो ओपन-शेल या नावाने गिटहब या खुला कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. विकत घ्यायचेच असेल तर स्टारडॉक कंपनीचे स्टार्ट११ आहे. त्याचे रूप अधिक सफाईदार आहे आणि मदतीसाठी विचारायला कंपनी आहे.

क्लासिक शेलच्या बाबतीतली एक घटना मी मुद्दाम सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये, ज्या डाउनलोड संकेतस्थळावर त्याची फाइल ठेवलेली होती तिथे हल्लेखोरांनी शिरून मूळ फाइलच्या जागी घातक फाइल ठेवली. ती चालवलेल्या संगणकांच्या डिस्कची सुरुवातीची नोंद खराब होऊन विंडोज सुरूच होईना. ती फाइल काही तासांतच हटवण्यात आली. त्या लोकांनी नेहमीच्याच ठिकाणावरून फाइल घेतली होती, तरी हे घडले. त्यामुळे फाइल प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्यावी, नवी आवृत्ती आल्याच्या पहिल्या तासात घाई करू नये, आणि अँटिव्हायरसने हरकत घेतली तर तिच्याकडे काणाडोळा करू नये. अशी सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्रामच्या कामात हात घालत असल्यामुळे अँटिव्हायरसला त्यांचा उगाच संशयही येतो हे खरे. पण संशय उगाच आहे की रास्त आहे हे तपासण्याआधी अँटिव्हायरस बंद करणे म्हणजे राखणदाराला सुट्टी देऊन मग दार उघडणे होय.

माझ्या ओळखीच्या एका दुकानात मालकांच्या मुलाने शोधयंत्रात पहिल्यांदा दिसलेल्या जाहिरातीच्या दुव्यावरून असाच एक मेनू घेतला होता. मेनू आला, पण त्याच्याबरोबर ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले, कोपऱ्यात दर काही मिनिटांनी जाहिरात येऊ लागली, आणि ते सगळे काढायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. जाहिरातीचा दुवा सर्वांत वर असतो, म्हणून तोच मूळ असेल असे समजू नये.

पेढीवर प्रत्यक्ष काय केले

सुरुवातीला मी संगणकावर सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहिले, कारण नव्या संगणकावर ते पुष्कळदा बंद असते, आणि ते चालू करून एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडल्यास मागे परतण्याची खूण, तयार केला. मग टास्कबार डावीकडे नेला. ओपन-शेल बसवताना त्याच्यासोबत येणारे आणखी भाग निवडलेले असतात. त्यांतील फक्त मेनूचा भाग ठेवून बाकीचे मी काढले. जेवढे लागते तेवढेच बसवावे, कारण बसवलेला प्रत्येक भाग पुढच्या अपडेटला सांभाळावा लागतो.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर ओपन-शेल तीन रूपे समोर ठेवते: एका रांगेचा अगदी जुना मेनू, दोन रांगांचा एक्सपीच्या वळणाचा मेनू, आणि विंडोज ७ सारखा मेनू. आम्ही तिसरा घेतला. सेटिंगच्या खिडकीत वरती 'शो ऑल सेटिंग्ज' अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की शेकडो पर्याय उघडतात आणि नवखा माणूस गांगरतो. खरे तर त्यांतले सात-आठच कामाचे असतात.

सर्वांत महत्त्वाचा पर्याय मला अलीकडे वापरलेल्या प्रोग्रामच्या यादीचा वाटतो. ही यादी वापराप्रमाणे आपोआप बदलते, म्हणजे काल तिसऱ्या ओळीवर असलेले नाव आज पहिल्या ओळीवर येते. ऐकायला ही सोय वाटते, पण न पाहता हात चालवणाऱ्या माणसाला हीच गोष्ट अडचणीची ठरते. ती आम्ही बंद केली. नवीन बसवलेले प्रोग्राम रंगाने उठून दाखवण्याचा पर्यायही बंद केला. मेनू दर वेळी जसाच्या तसा दिसावा, एकही ओळ हलू नये, हे एवढे साधले की निम्मे काम झाले.

त्यानंतर आम्ही दोघे शेजारी बसलो आणि कागदावर नावे लिहिली. कोणते काम दिवसात कितीदा लागते असे मी विचारत गेलो आणि दिवाणजी सांगत गेले. त्यातून पहिल्या फोल्डरात, ज्याला त्यांनी 'पेढी' असे नाव दिले, चार शॉर्टकट आले: खतावणी, म्हणजे त्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर, पट्टी छपाई, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबपट्टीची एक्सेल फाइल, ई-वे बिल, म्हणजे त्या संकेतस्थळाचा थेट दुवा, आणि स्कॅन. शॉर्टकट केवळ प्रोग्रामचाच असतो असे नाही. एखाद्या ठरावीक फाइलचा, फोल्डरचा किंवा संकेतस्थळाचाही तो करता येतो, आणि मेनूत सगळे सारख्याच मानाने बसतात. पूर्वी दिवाणजी एक्सेल उघडून, त्यात फाइल शोधून, मग पट्टी भरत. आता पट्टीचा कागद थेट समोर येतो.

नावे मराठीत लिहायला काहीच अडचण येत नाही, कारण विंडोजमध्ये फाइलचे नाव देवनागरीत चालते आणि ती दाखवणारा निर्मला हा टंक विंडोज ८ पासून सोबतच येतो. यादी नावांच्या क्रमाने लागते, म्हणून आपल्याला हवा तो क्रम ठेवायचा असेल तर नावाच्या आधी १, २, ३ असे आकडे घालावेत. आकडे अक्षरांच्या आधी लागतात. शोधण्याच्या चौकटीबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नाव 'खतावणी' असे ठेवले आणि कीबोर्ड इंग्रजीवर असताना शोधले, तर ते सापडणार नाही. ज्यांना कळफलकावरून शोधण्याची सवय आहे त्यांनी मराठी नावाच्या शेवटी प्रोग्रामचे इंग्रजी नावही ठेवावे. दिवाणजी शोधत नाहीत, बोटाने जातात. त्यामुळे त्यांच्या यादीत निखळ मराठी नावे राहिली.

चिन्हे मोठी केली आणि स्पष्ट दिसणारे रूप निवडले. रूपाला तिथे स्किन म्हणतात. अर्धपारदर्शक स्किन दिसायला सुरेख असतात, पण मागच्या खिडकीतील आकडे त्यांतून झिरपत राहतात आणि साठीच्या डोळ्यांना ते त्रासाचे होते. साधा, एकरंगी आणि अपारदर्शक मेनू वाचायला सर्वांत सोपा जातो.

सर्व जुळून आल्यावर सेटिंगमधील 'बॅकअप' बटणाने ही मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये जतन केली. मात्र या फाइलमध्ये मेनूचे रूप आणि पर्याय असतात. आपण तयार केलेले शॉर्टकट त्यात येत नाहीत. म्हणून 'पेढी' हा फोल्डरही वेगळा उतरवून घ्यावा लागतो. दोन्ही एका पेन ड्राइव्हवर ठेवले की दुसऱ्या संगणकावर हीच मांडणी पाच मिनिटांत उभी राहते.

अपडेट आल्यावर

दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटने ओपन-शेलला सहसा धक्का लागत नाही. विंडोजची वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती घेताना मात्र मी एक शिस्त पाळतो: आधी पूरक सॉफ्टवेअर काढायचे, मग विंडोज अपडेट करायचे, सारे सुरळीत असल्याची खात्री करून मग त्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती बसवून एक्सएमएल फाइल पुन्हा भरायची. हे काम हंगामाच्या मध्यावर करू नये.

मूळ मेनू कधी पाहावासा वाटला तर शिफ्ट दाबून स्टार्टचे बटण दाबावे, तो तसाच उघडतो. कधी टास्कबारच आला नाही तर घाबरून संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात विंडोज एक्सप्लोरर निवडून 'रिस्टार्ट' केले की बऱ्याचदा सगळे जागेवर येते. तरीही न आल्यास टास्क मॅनेजरमधूनच 'रन न्यू टास्क' निवडून कंट्रोल हा शब्द इंग्रजीत लिहावा. कंट्रोल पॅनेल उघडते आणि तिथून ते सॉफ्टवेअर काढता येते. हे टप्पे मी प्रत्येक ठिकाणी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून संगणकाशेजारी चिकटवतो, कारण टास्कबार गेलेला असताना ते संगणकावर वाचता येत नाहीत.

बँक, सरकारी कार्यालय किंवा महाविद्यालयाची प्रयोगशाळा अशा ठिकाणी, जिथे संगणक आपला स्वतःचा नसतो, तिथे यातले काहीही परवानगीवाचून बसवू नये. तिथे टास्कबार डावीकडे घेण्यापुरतेच समाधान मानावे.

जुना संगणक मालक भंगारात देणार होते. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नव्हती, पण यंत्र धडधाकट होते. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवली. तिथे मेनूवर राइट क्लिक करून रांगा, चिन्हे आणि क्रम बदलता येतात, वेगळे काही बसवावे लागत नाही. आता त्यावर गोदामातल्या पोत्यांची नोंद होते.

दिवाणजींनी आठ दिवसांनी एकच बदल सुचवला. मेनूच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील बटण संगणक बंद करण्यासाठी होते, आणि सौद्यांच्या वेळी ते उठून ओट्यावर जात तेव्हा खतावणी तशीच उघडी राही, येणारे-जाणारे पडद्यावर डोकावत. ओपन-शेलमध्ये त्या बटणाचे काम बदलता येते. बंद करण्याऐवजी ते संगणक कुलूपबंद करेल असे मी लावून दिले, त्यांनी उठता उठता ते एकदा दाबून पाहिले आणि चष्मा खिशात घालून नमुने पाहायला गेले.